आबांनी सही केली ती बुकित तिमाला

मी देश सोडला तेव्हा माझी गाडी माझ्याच गावच्या स्टेशनातून न थांबता गेली. वाशिमला चढले होते, अकोल्याला उतरायचं, तिथून मुंबई, तिथून विमान. वाशिम आणि अकोल्याच्या मधे पांगरी. मीटरगेजची ब्रॉडगेज झाली आणि रेल्वेने पांगरीचा थांबा काढून टाकला. लाईन मोठी झाली, गाडी मोठी झाली आणि आमचं गाव नकाशावर तेवढं लहान झालं.

आई वाशिमपर्यंत आली. हातात डबा, डब्यात धपाटे, वर सूचना: "विमानात देतीन ते खाऊ नको, कोन रांधलं काय माहीत." आबा आले नाहीत. म्हणाले, "मी पांगरीलेच उभा राहतो."

आणि खरंच उभे होते. फलाटावर गवत वाढलेलं, नावाची पाटी काढून नेलेली, आणि रिटायर होऊन वर्ष झालेले माझे वडील, पॉइंट्समन म्हणजे रुळांचे सांधे बदलणारे, इस्त्रीचा शर्ट घालून, हात लांब करून हिरवा झेंडा धरून उभे. तो झेंडा त्यांच्याकडे कसा राहिला, हे कृपया विचारू नका.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. गाडी न थांबता जाते तेव्हा स्टेशनावरचा माणूस तिच्याकडे टोकापर्यंत बघतो. काही लोंबतंय का, चाक तापलंय का, धूर आहे का. सगळं ठीक असेल तर हिरवा झेंडा. आणि गाडीतून गार्डने हिरव्यानेच उत्तर द्यायचं. उत्तर आलं नाही तर काहीतरी बिघडलंय असं धरायचं. आमच्या घरात हे इतकं मुरलेलं होतं की मी शाळेला निघाले तरी आबा दारात हात लांब करायचे आणि मीही वळून हात लांब करायची. त्याशिवाय ते आत जायचेच नाहीत.

त्या दिवशी मी डब्याच्या दारात उभी होते. मी त्यांना पाहिलं, त्यांनी मला पाहिलं. मी हात केला नाही.

मागे राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांनो, हे मी तुम्हा दोघांसाठी लिहिते आहे. त्या न दिलेल्या उत्तराचं पुढे काय झालं ते सांगायचं आहे.

हात का केला नाही? कारण मी रागात होते. कारण मी पत्रकवाली होते. आमच्या वस्तीतल्या वाचनालयात निकाळजे सर आम्हा पोरांना पत्रक लिहायला शिकवायचे. मथळा ठळक, मागणी एकच, वाक्य लहान, आणि खाली नावं. "निनावी पत्रक म्हणजे दार वाजवून पळून जाणं," असं म्हणायचे. मी ते बाराखडीसारखं पाठ केलं. पांगरीचा थांबा जाणार असं कळलं तेव्हा मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. मी लिहिलं: आमच्या बापजाद्यांनी टाकलेल्या रुळांवर आमचीच गाडी का थांबत नाही? जबाब द्या! घरोघर फिरले. किराणा दुकानदाराने सही केली, पोस्टमनने केली, भंतेजींनी केली. ज्या माणसाने त्या स्टेशनावर अख्खी नोकरी काढली त्याने कागद वाचला, नीट घडी घातली आणि मला परत दिला.

"आबा, सही?"

"राहू दे."

"तुमचं स्टेशन आहे!"

"माहं नाई, रेल्वेचं हाय."

बस. एवढंच. मी आतून पेटले. आमच्या रेल्वे क्वार्टरच्या दाराला तेच पत्रक डकवलं, आत बाप बसलेला असताना. आबांनी ते काढलं नाही. पावसाने गळून पडेपर्यंत तिथेच होतं. मी मनात त्यांच्या नावापुढे एक शब्द लिहून टाकला, भित्रे. आणि तो शब्द घेऊनच सिंगापूरला नोकरीला आले.

सिंगापूरबद्दल तुम्ही जे ऐकलंय ते सगळं खरं आहे. होय, स्वच्छ आहे. होय, एमआरटी म्हणजे इथली मेट्रो वेळेवर येते, इतकी की माझ्यासारखीला तक्रार करायला जागाच उरत नाही आणि जीव कासावीस होतो. बिशानला एका फ्लॅटमध्ये मी खोली भाड्याने घेतली. बाजूच्या खोलीत हुई मिन, शाळेत शिक्षिका, इथलीच. तिने मला हॉकर सेंटरमधलं, म्हणजे इथल्या खाऊगल्लीतलं, तिखट शोधून दिलं आणि मी तिला धपाटे शिकवले. ऑफिसात पुण्यामुंबईचे इंजिनियर भरपूर. देशपांडेसाहेब आमचे मॅनेजर, पासिर रिसला कॉन्डोत राहायचे. माझा बायोडेटा पाहून पहिल्याच दिवशी चहा पिता पिता म्हणाले, "सुजाता, तिकडचं ते मोर्चा-बिर्चा इकडे नको हं. आपण इथे वर्क पासवर आहोत. पास म्हणजे श्वास." मी हसले. मनात म्हटलं, आणखी एक भित्रा.

मग एका रविवारी मी आणि हुई मिन सायकल घेऊन भटकत होतो आणि झाडीतून एक रूळ आडवा आला. एकच लाईन. गवतातून गेलेली, शेजारी केळी लागलेल्या. मी उतरले आणि आबांनी शिकवल्यासारखं पाऊल टाकून अंतर मोजलं. मीटरगेज! अख्ख्या चकचकीत शहराच्या पोटातून माझ्या पांगरीच्या मापाची लाईन चालली होती. मी रुळावर बसकण मारली आणि वेड्यासारखी हसत सुटले. हुई मिन म्हणाली, "यू ओके नॉट?"

ही लाईन मलेशियाची. समुद्रावरचा बांध ओलांडून उत्तरेकडून यायची, बेट उभं चिरत दक्षिणेला बंदराजवळ संपायची. देश एक, रूळ दुसऱ्याचे. तिच्यावरून प्रवासी गाड्या यायच्या आणि अधूनमधून सिमेंटची मालगाडी. मधे बुकित तिमाला एक बुटकं विटांचं स्टेशन, तिथे गाड्या एकमेकींना वाट द्यायच्या. आणि तिथे, ऐका, तिथे अजून टोकन चालायचं! वेताच्या मोठ्या कड्याला पिशवी, पिशवीत टोकन. ते हातात पडल्याशिवाय ड्रायव्हरने पुढच्या टप्प्यात शिरायचं नाही, म्हणजे एकेरी लाईनवर दोन गाड्या समोरासमोर येत नाहीत. स्टेशनातला माणूस कडं उंच धरून उभा, इंजिनातला माणूस चालत्या गाडीतून ते खांद्यावर झेलणार आणि जुनं फेकणार, ते खालच्याने दंडावर घ्यायचं. आबांनी जन्मभर हेच केलं. त्यांच्या उजव्या दंडावर त्या कड्याचा वळ कायमचा आहे. आमच्याकडे टोकन मीटरगेजबरोबरच गेलं. आणि जगातल्या सगळ्यात आधुनिक म्हणवणाऱ्या शहरात ते चालू!

मी फोन केला. तोवर आमचे फोन म्हणजे "जेवली का" आणि "हो". त्या दिवशी आबा पहिल्यांदा तीन वाक्यं सलग बोलले. "कडं वेताचं हाय का लोखंडाचं? झेलते का खालून का वरून? ड्रायव्हर कोन्या हातानं घेते?"

मी म्हटलं, "येऊन बघा."

"पाहू," म्हणाले. आमच्याकडे 'पाहू' म्हणजे नाही.

आणि मग २०११ साली कळलं की ही लाईन बंद होणार. गाड्या आता बेटाच्या उत्तर टोकाला वूडलँड्सलाच थांबणार, बाकीचे रूळ उखडणार, मालगाड्या पलीकडेच वळणार. मी म्हटलं, परत? अरे, मी जिथे जाते तिथली मीटरगेज उखडायचा काही करार झालाय का? पुन्हा तेच! गाडीचा मार्ग बदलतो, आणि ज्यांच्या दारातून ती जात होती त्यांना कोणी विचारत नाही!

हुई मिन आणि तिच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांनी सरकारला एक पत्र द्यायचं ठरवलं. मागणी एकच, आणि ती मला मनापासून पटली: रूळ काढायचे तर काढा, पण ही हिरवी वाट विकू नका, चालायला ठेवा. पत्राला सह्या लागणार होत्या आणि सह्यांसाठी लोकांना समजावणारं पत्रक लागणार होतं. पत्रक! मी बाह्या सरसावल्या. एका बैठकीत लिहून काढलं, इंग्रजीत, पण ठेका निकाळजे सरांचा. लाल कागदावर छापून घेतलं, कारण आमची पत्रकं लालच असायची. फक्त खाली माझं नाव घातलं नाही. जागा नव्हती. खरं म्हणजे जागा होती. 'एक रहिवासी' एवढंच टाकलं. सहीच्या तक्त्यावरही नंतर करू म्हणून राहून गेलं. देशपांडेसाहेबांचा तो पास आणि श्वास कानात होताच, पण तसं मी स्वतःलाही सांगितलं नाही.

इकडे आबांना मी रोज फोन. "लाईन जाणार आहे. जून संपेपर्यंतच आहे. येता का नाही?" मला ते यायलाच हवे होते. एक तर त्यांनी ते कडं पुन्हा बघावं म्हणून. आणि दुसरं, त्या रुळांवर उभं करून मला त्यांना विचारायचं होतं, तेव्हा सही का केली नाहीत. फोनवर असलं विचारता येत नाही. पासपोर्टच्या फोटोत आबा असे दिसत होते जणू कुणीतरी सिग्नल न देता गाडी सोडली आहे. पण जूनमध्ये ते चांगी विमानतळावर उतरले. पायात नवे बूट, पिशवीत आईने दिलेली हळद, आणि पहिला प्रश्न, "गाडी कितीले हाय?"

बुकित तिमाला त्या दिवसांत बरीच माणसं जमायची, कॅमेरे घेऊन, लेकरं घेऊन. त्या दुपारी सिमेंटची मालगाडी येणार होती. आबा फलाटाच्या कडेला हात मागे बांधून उभे. स्टेशनमास्तर एक वयस्कर मलाय गृहस्थ, सगळे त्यांना पाकचिक म्हणत, म्हणजे काका. ते कडं घेऊन बाहेर आले. आबांनी कडं पाहिलं आणि त्यांचा उजवा खांदा आपोआप थोडा पुढे आला. मला दिसलं ते.

मी मात्र माझ्या कामात. एवढी माणसं, आणि पत्रकं वाटायची बाकी! गाडीचा आवाज आला, लोक सगळे त्या बाजूला बघायला लागले. मला वाटलं, हीच वेळ. मी फलाटाच्या टोकाला गेले, लाल पत्रकांचा गठ्ठा डोक्यावर धरला आणि जोरात हलवत ओरडले, "प्लीज साइन! सेव्ह धिस लाईन!"

इंजिनाने लांबलचक शिटी मारली. ब्रेक किंचाळले. पाकचिक काहीतरी मलायमध्ये ओरडले. आणि मागून माझ्या दंडाला असा हिसका बसला की पत्रकं फलाटभर उडाली.

"लाल!" आबा ओरडले. "गाडीपुढं लाल हालवतं? अवं, पॉइंट्समनची पोरगी ना तू? कोनी आयकलं तर काय म्हनतीन!"

गाडी तशीही हळू होणारच होती, ती फलाटाच्या अलीकडे पूर्ण थांबली. ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढून पाहिलं, काय संकट आहे. संकट म्हणजे मी. लाईन वाचवायला निघालेल्या बाईने त्या लाईनवरची मालगाडी अडवली होती. हुई मिन तोंडावर हात ठेवून म्हणाली, "अलामाक, सुजाता. लाईक दॅट ऑल्सो कॅन?" आणि हसून हसून खाली बसली.

आबा हसले नाहीत. सरळ पाकचिकांकडे गेले. ना मलाय येत, ना इंग्रजी. त्यांनी आधी कान धरले, मग माझ्याकडे बोट केलं, मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला: माझी आहे, चूक माझी. मग शर्टाची बाही वर सरकवून दंडावरचा वळ दाखवला. पाकचिकांनी तो पाहिला. स्वतःची बाही वर केली. तोच वळ, त्याच जागी.

पुढचं सगळं हातांनीच झालं. मी मधे दुभाषेपणा करायला गेले तर आबा म्हणाले, "तू गप्प राय." ड्रायव्हरला खूण झाली, गाडी रांगत निघाली. पाकचिकांनी कडं आबांच्या हातात दिलं, स्वतः अगदी शेजारी उभे राहिले, एक हात आबांच्या पाठीवर. आबांनी कडं उंच धरलं. ड्रायव्हरने ते उचललं आणि जुनं आबांच्या पायाशी टाकलं. मग सिमेंटचे डबे एकेक करत गेले आणि आबा शेवटच्या डब्यापर्यंत चाकांकडे बघत राहिले. शेवटचा डबा गेला तेव्हा दोघांनीही हात लांब केला, एकाच वेळी, न ठरवता.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आबांनी आजूबाजूला पाहिलं, टाळ्या कशासाठी ते त्यांना कळलंच नाही. त्यांनी खाली पडलेली माझी पत्रकं वेचायला घेतली.

आम्ही बाकावर बसलो. मी ठरवलं होतं ते विचारलं. "आबा, पांगरीच्या वेळी सही का नाही केलीत?"

त्यांनी एक पत्रक गुडघ्यावर सरळ केलं. इंग्रजी वाचता येत नाही, पण पत्रक कसं असतं ते त्यांना माहीत होतं. ठळक मथळ्यावरून बोट फिरवलं, मग थेट तळाला आणलं.

"इथं नाव राह्यते ना? तुहं कोनतं?"

"नाही टाकलं."

"काऊन?"

"मी इथे पासवर आहे, आबा. उगाच कुणी काही..."

तोंडातून वाक्य निघालं आणि तिथेच थांबलं. कारण ते वाक्य माझं नव्हतंच. क्वार्टर रेल्वेचं, नोकरी रेल्वेची, पोरगी शेवटच्या वर्षाला, उगाच कुणी काही. आबांनी कधी तोंडाने न बोललेलं वाक्य मी इथे, इंग्रजी पत्रकाच्या तळाशी, बोलून बसले होते. दाराला डकवलेला तो कागद आठवला आणि कान गरम झाले.

आबा मात्र खूश दिसत होते. अगदी मिश्कील. "म्हंजे," ते म्हणाले, "भेव वाटते मानसाले. तुलेही वाटते. बरं झालं, मले वाटे माहीच पोरगी काय लोखंडाची निंगाली."

मग हुई मिनकडे हात केला. तक्ता मागितला. मी म्हटलं, "आबा, तुम्ही पाहुणे आहात, तुमच्या सहीचा काय उपयोग?" हुई मिनने मला बाजूला सारलं. "व्हाय कॅनॉट? अंकल इज एक्स्पर्ट ला!" आबांनी पेन झटकला आणि सावकाश, मराठीत लिहिलं. नाव. त्यापुढे हुद्दा, जो कुणी विचारलेला नव्हता: पॉइंट्समन, निवृत्त. पत्ता: मु. पो. पांगरी, रेल्वे स्टेशन. जे स्टेशन कागदावर कुठेच उरलेलं नव्हतं ते सिंगापूरच्या एका तक्त्यावर पुन्हा आलं.

मग पेन माझ्यापुढे धरला. कडं धरतात तसा धरला, उंच, झेलायला सोपा.

मी खाली सही केली. पूर्ण नाव, बिशानचा ब्लॉक नंबर, फ्लॅट नंबर. तोवर मी पत्त्यात नेहमी 'सध्या मुक्काम' लिहायची. त्या दिवशी 'सध्या' लिहिलं नाही. आणि पत्रकं पुन्हा छापली, तळाला नाव घालून, हिरव्या कागदावर. रंग आबांनी निवडला, त्यावर चर्चा नव्हती.

माझा पास गेला का? नाही. कुणी विचारलंही नाही. देशपांडेसाहेबांना मी स्वतः जाऊन एक हिरवं पत्रक दिलं. त्यांनी ते घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "नाव कशाला टाकलंस गं?" मी मनातला तो शब्द त्यांच्याही पुढून खोडला. साहेबांना दोन मुलं आहेत, इथल्या शाळेत. ज्याच्या डोक्यावर छप्पर दुसऱ्याचं असतं त्याने किती हळू बोलायचं, हे बाहेरून ठरवणं फार सोपं असतं. मी अजूनही म्हणते की बोललं पाहिजे. फक्त आता मी दारं ठोठावताना आत कोण बसलंय ते आधी बघते.

लाईन गेली. पाकचिक पलीकडे बदलून गेले. रूळ उखडले तेव्हा मी बघायला गेले नाही, हे कबूल करते. पण वाट राहिली. ती आमच्या पत्रामुळे राहिली असं मी म्हणणार नाही, आमच्यासारखे पुष्कळ लोक बोलत होते. पण राहिली, आणि आज तिथे माणसं चालतात, सायकली जातात, केळी तशाच लागतात. देशपांडेसाहेब दर रविवारी पासिर रिसहून तिथे धावायला येतात आणि भेटले की मलाच सांगतात, "काय सुंदर जागा आहे, नाही? वाचली बरं का." मी म्हणते, "हो ना सर. कुणी सही केली असेल देव जाणे."

आता एवढी वर्षं झाली. मार्चमध्ये मी घरी जाते. वाशिमहून अकोल्याला जाताना गाडी पांगरीला अजूनही थांबत नाही, आणि हो, त्याविरुद्धचं माझं नवं पत्रक तयार आहे, या खेपेला पहिली सही आबांची आहे. फलाटावर आता गावकरी हळद वाळत घालतात. आबा रोज दुपारी मालगाडीच्या वेळेला तिथे जाऊन उभे राहतात. नवे गार्ड त्यांना ओळखत नाहीत, पण उत्तर देतात. आई ओरडते, "हळदीवर पाय देऊ नका म्हनलं!"

परवाच्या मार्चमध्ये परत निघाले तेव्हा मी आधीच दारात येऊन थांबले होते. पांगरी आली. पिवळ्या हळदीच्या मधोमध इस्त्रीचा शर्ट, लांब केलेला हात, झेंडा. घर कुठलं असं मला बिशानमध्ये विचारतात आणि वाशिममध्येही विचारतात. मला वाटतं, जिथून निघाल्यावर कुणीतरी शेवटच्या डब्यापर्यंत बघत उभं राहतं ते घर. आणि आपण जिथून उत्तर देतो, तेही.

मी पर्समधून हिरवं पत्रक काढलं, तळाला माझं नाव असलेलं, आणि हात बाहेर काढून गाडी फलाट ओलांडेपर्यंत सरळ धरून ठेवलं. आबांनी झेंडा खाली घेतला, गुंडाळला, आणि हळद चुकवत घराकडे वळले.